फाटकापासून माळ्याच्या खिडकीपर्यंत

मी, सबिना मलेत्स्का, कै. झेनोन मलेत्स्की यांची पत्नी, वय वर्षे सहासष्ट, पूर्वीचा व्यवसाय चर्चच्या वस्त्रांवर भरतकाम, सध्या काही नाही, राहणार क्राकूव, शहराच्या पश्चिम टोकाला ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडे, उतारावरचे चेरीच्या झाडाचे घर, हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. बिघडली आहे ती हृदयातली एक झडप, आणि ती पुढच्या मंगळवारी डॉक्टर बदलणार आहेत. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. उलट माझी बहीण इर्मिना रोज कुंपणावरून ओरडून सांगते की हे अभद्र काम ऑपरेशननंतर कर. ऑपरेशननंतर मी लिहायला असेनच असे तिने लिहून दिलेले नाही, म्हणून आधी करते आहे.

घरी केलेले मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वतःच्या हाताने लिहावे लागते, टाइप केलेले कायद्याला चालत नाही. मला तेच बरे. मठाच्या शाळेत सिस्टर अनुन्सियाता शाईचा एक डाग पडला तरी अख्खे पान पुन्हा लिहायला लावत. या कागदावर डाग पडले तर ते तसेच राहतील. सिस्टर आता नाहीत, आणि माझ्याकडे पुन्हा लिहिण्याइतका धीर नाही.

पहिले. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी नोटरीसमोर एक मृत्युपत्र केले होते. त्यात घर, बाग आणि माझे म्हणून जे काही आहे ते सगळे माझी नात कालिना हिला दिले होते. ते मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते.

कालिना आता नाही. गेली तेव्हा ती अजून सात वर्षांचीही झाली नव्हती.

त्या कागदात एक भोक होते, आणि ते मी जाणूनबुजून ठेवले होते. नोटरीसाहेब भला माणूस. चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून ते म्हणाले होते, "बाई, इथे दुसरं नाव लागेल."

"कशाला?"

"वारस जर तुमच्या आधी... म्हणजे समजा, तसं काही झालंच, तर घर कुणाकडे जावं?"

"ती सहा वर्षांची आहे. मी चौसष्टची."

"ते दिसतंय मला. पण तुम्हीच सांगितलंत ना, ती आजारी आहे म्हणून?"

"आजारी आहे म्हणूनच तर करतेय."

त्यांना ते कळले नाही आणि मी समजावत बसले नाही. माझ्या मनात असे होते की ज्याच्या नावाने घर केले त्याला ते सांभाळायला मोठे व्हावेच लागते. सही झाली, शिक्का बसला, की देवसुद्धा दोनदा विचार करील. दुसरे नाव लिहिणे म्हणजे त्याला आपणहून मागचे दार दाखवणे. मी लिहिले नाही. तो कागद आता नुसता कागद आहे.

दुसरे. मला झेनोनच्या शेजारी पुरावे. प्लास्टिकची फुले कोणी आणू नयेत. इर्मिनाने गाऊ नये.

तिसरे. माझी भरतकामाची लाकडी चौकट, सगळ्या सुया, रुपेरी आणि सोनेरी दोऱ्यांचा डबा आणि शिवणयंत्र हे इर्मिनाला. चाळीस वर्षे तिला ही चौकट हवी होती आणि चाळीस वर्षे तिला एका जागी बसता आलेले नाही. आता तरी बसेल. आईच्या हंसाच्या पिसांच्या दुलईवरचा माझा हक्क मी सोडते. आई शेवटच्या आजारात म्हणाली होती, ज्याला थंडी वाजेल त्याने घ्या, आणि आई थंड व्हायच्या आत इर्मिनाला थंडी वाजली. हक्क सोडला आहे, विसरले आहे असे नाही.

चौथे. तळघरातल्या फडताळात चेरीच्या मद्याच्या ज्या बाटल्या आहेत त्या सगळ्या श्री. लेओन वोयनार, निवृत्त ट्रामचालक, यांना द्याव्यात. डॉक्टरांनी त्यांना मनाई केली आहे हे मला माहीत आहे. तरी द्याव्यात.

हे गृहस्थ कोण ते सांगायला हवे. कालिनाची गाठ नाकाच्या मागे, कवटीच्या तळाशी होती, आणि कळली तेव्हाच ती हाडात शिरलेली होती. केमो झाली. सुरी तिथवर पोहोचत नव्हती. साधे रेडिएशन गाठीवर थांबत नाही, मेंदूतून आरपार जाऊन पलीकडून निघते. सहा वर्षांच्या पोरीला ते नको, असे डॉक्टर म्हणाले. प्रोटॉनचा किरण मात्र ठरवून दिलेल्या जागेपर्यंत जातो, तिथे आपले काम करतो आणि तिथेच संपतो. त्याचे यंत्र आमच्या देशात एकाच शहरात आहे, आणि ते माझ्या घरापासून बसने थोड्याच अंतरावर. माझी मुलगी दोरोता, कालिनाची आई, तेव्हा सुवाल्कीला, देशाच्या दुसऱ्या टोकाला, पलंगाला खिळलेली होती. इग्नाश पोटात होता आणि तिला उठून बसायचीही परवानगी नव्हती. जावई तिच्यापाशी होते. म्हणून उपचाराचे सहा आठवडे कालिना माझ्याकडे राहिली.

यंत्र एक आणि खोल्या दोन. किरण एका वेळी एकाच खोलीत जातो. त्यामुळे बाहेर बसलेले सगळे, बेकरीच्या रांगेत "शेवटचं कोण?" असे विचारावे तसे, एकमेकांना विचारत, "किरण आत्ता कुणाकडे?" कधी किरण रुसे, मग तासभर कुणाकडेच नसे. कालिनाला सुरुवातीला भूल देत, आणि भूल द्यायची तर सकाळपासून पोटात पाण्याचा थेंबही चालत नाही. तिच्यासाठी मीही खात नसे. लेओन आजोबांचा नंबर आमच्या आधी. त्यांची गाठ मानेच्या अगदी वरच्या मणक्याजवळ, मान वळत नसे, म्हणून ते सगळ्या देहासकट आमच्याकडे वळत आणि म्हणत, "जा बाळ, तू आधी. मी पोटभर खाऊन आलोय."

"काय खाल्लं?" कालिना विचारी.

"सॉसेज. मोहरी लावून."

"थोडं खोटं बोलता येत नाही का तुम्हाला?"

"बरं. काही नाही खाल्लं. नुसती हवा."

"मिशीला मोहरी लागलीय!"

किरण म्हणजे काय ते तिला त्यांनीच सांगितले. डॉक्टरांनी चित्रे काढून सांगितलेले तिच्या डोक्यात शिरले नव्हते. "हा किरण ना, शिस्तीचा प्रवासी," आजोबा म्हणाले. "ट्राममध्ये बसतो, कुणाला धक्का देत नाही, आणि बरोब्बर आपल्या थांब्यावर उतरतो. पुढच्या थांब्यावर तुझा मेंदू. तिथे त्याचं काही काम नाही, तिथे तो जातच नाही."

"आणि त्याला झोप लागली तर?"

आजोबांनी मिशी पुसली. मग म्हणाले, "माझ्या ट्राममध्ये कुणाला झोप लागत नसे. मी फार वाईट चालवायचो."

पाचवे. चेरीच्या फांद्या भरलेला पांढरा टेबलक्लॉथ श्री. विटोल्ड यांना. केंद्रात किरणाच्या खोलीत कालिनाला टेबलावर निजवणारे, मुखवटा बसवणारे तंत्रज्ञ ते हेच. त्यांचे आडनाव मी कधी विचारले नाही, पण तिथे सगळे त्यांना ओळखतात. हे काम मी त्यांच्याच बाकावर बसून केले आहे. एका कोपऱ्यात चेऱ्या कमी आहेत, कारण त्या दिवशी किरण लवकर आला.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी कालिनाने डॉक्टरांना सांगितले, "मला झोपवू नका. मी हलणार नाही. मला न्याहरी हवीय." डॉक्टर हसले. त्या मुखवट्यात मोठी माणसेही कासावीस होतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणतात, ती गार होऊन कडक झाली की चेहऱ्याच्या मापाची होते, आणि मग रोज त्या जाळीने डोके टेबलाला घट्ट धरून ठेवतात. तोंडात दातांनी चावून धरायचा ठसा, त्यामुळे बोलता येत नाही. सहा वर्षांचे मूल त्यात जागे राहून निश्चल पडेल यावर कोण विश्वास ठेवणार? मी म्हटले, मी शिकवते.

मला ते सिस्टर अनुन्सियातांनी शिकवले होते. लांबलचक प्रार्थनेत आम्ही मुली चुळबुळ करायचो. त्या कानाशी येऊन म्हणत, "डोळे मीट, आणि मनातल्या मनात घरी चालत जा. हळू जा. एकही पायरी गाळायची नाही." मी रोज चालत घरी जायची, आणि माझ्या आईच्या स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंत प्रार्थना संपलेली असायची.

कालिनाला मी म्हटले, आपण या घरात चालू. माझ्या. म्हणजे तुझ्या, कारण ते मी तुझ्या नावाने केलंय. विटोल्डकाकांनी मला यंत्र चालवायच्या खोलीत माइकपाशी बसवले. समोर काचेच्या पडद्यावर ती दिसे, एवढीशी, पांढऱ्या जाळीखाली. डाव्या हातात रबरी चेंडू, दुखले किंवा भीती वाटली तर दाबायला. तो दाबला की सगळे थांबणार. आणि उजवा हात आमच्या दोघींचा. मी चालताना काही चुकले, काही गाळले, तर तिने उजव्या हाताचे एक बोट वर करायचे.

चेंडू तिने एकदाही दाबला नाही. बोट मात्र रोज वर व्हायचे.

"सबिनाबाई, बोट!" विटोल्ड म्हणत.

"काय विसरले मी?"

"मला काय विचारता? घर तुमचं."

"तिचं."

बाहेर आल्यावर ती माझी खरडपट्टी काढी. "आजी, मधली पायरी कुरकुरते. तू कुरकुरलीच नाहीस." दुसऱ्या दिवसापासून मी माइकमध्ये कुरकुरू लागले. मागे दोन डॉक्टर हातात कागद घेऊन उभे, आणि मी जिन्याचा आवाज काढते आहे. मग तिने आणखी एक भर घातली. दारापाशी आल्यावर लगेच आत शिरायचे नाही. आधी तिने हाक मारायची, "कोणी आहे का घरात?" आणि मी उत्तर द्यायचे, "ये, दार उघडंच आहे." तिला बोलता येत नसल्यामुळे दोन्ही वाक्ये मलाच म्हणावी लागत, तिचे तिच्या आवाजात, माझे माझ्या. ते झाल्याशिवाय आत पाऊल टाकले की बोट वर.

फाटकापासून माळ्याच्या खिडकीपर्यंत जाईतो त्या दिवसाचा किरण देऊन झालेला असे.

श्री. विटोल्ड यांनी टेबलक्लॉथ पेटीत ठेवून देऊ नये. वापरावा. चेरीचे डाग पडले तर शोभतील.

सहावे. मुखवटा. हा बागेतल्या चेरीच्या झाडावर आहे.

उपचाराच्या शेवटच्या दिवशी मुखवटा घरी न्यायचा की टाकायचा असे विचारतात. बहुतेक जण टाकतात. कालिनाने तो बसमधून मांडीवर घेऊन आणला. जून होता, चेऱ्या लाल होत होत्या आणि भोरड्यांचे थवे येऊन झाड साफ करत होते. घरात शिरण्याआधीच तिने ठरवले, याचे बुजगावणे करायचे. "मी याला घाबरले ना, आता त्यांना घाबरू दे." झेनोनचा जुना कोट, काठी, वर मुखवटा, त्याला तिने काळ्या रंगाने मांजराच्या मिशा काढल्या. मी शिडीवर, इर्मिनाने शिडी धरलेली.

"सबिने, उतर खाली! झाडाला माणसाचं तोंड लावतात का कुणी? पाप लागेल!"

"इर्मिना आजी, माणसाचं नाहीये ते," कालिना खालून म्हणाली. "माझं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माळ्याच्या खिडकीशी गेली आणि तिथूनच खिदळायला लागली. एक भोरडी मुखवट्याच्या नाकावर ऐटीत बसून चेरी खात होती. कालिना उचकी लागेपर्यंत हसली. माझ्या घरात त्यानंतर कोणी तसे हसलेले नाही.

झेनोनचा कोट पहिल्याच हिवाळ्यात फाटून गेला. मुखवटा तसाच आहे. त्यावर बर्फ साचतो तेव्हा गाल भरून येतात. इर्मिना म्हणते काढून टाक, तुला रोज ते बघायला लागतं. मला रोज ते बघायला मिळते. मी असेपर्यंत त्याला कोणी हात लावणार नाही. माझ्यानंतर त्याचे काय करायचे ते फक्त दोरोताने ठरवावे, दुसऱ्या कोणी नाही.

सातवे. बँकेत जे आहे त्यातून माझे दफन व्हावे आणि उरेल ते इग्नाशच्या शिक्षणाला. तो तान्हा असताना मी त्याला मांडीवर घेतले होते, त्यानंतर पाहिले ते फक्त एकदा लांबून, काळ्या कपड्यांच्या गर्दीत, कोणाच्या तरी खांद्यावर झोपलेला.

आठवे. घर.

हे कलम मी तीन वेळा लिहायला घेतले आणि तीन वेळा उठून चहा केला. आता लिहिते.

तीन महिन्यांनी तपासणी झाली तेव्हा कालिनाच्या चेहऱ्यात काही सापडले नाही. किरण बरोब्बर आपल्या थांब्यावर उतरला होता. पण रोग त्याच्या आधीच दुसऱ्या गाडीत बसून निघाला होता, आणि ऑक्टोबरात तो तिच्या दोन्ही फुप्फुसांत दिसला. तिथे किरण पाठवून उपयोग नव्हता, तो फार ठिकाणी होता. मी लेओन आजोबांना सांगितले. ते तेव्हा ऐंशीचे झाले होते आणि त्यांची गाठ वाढायची थांबली होती. ते सगळ्या देहासकट माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "माझी गाडी डेपोत जायची वेळ झालेली. मला फिरवत ठेवलंय, आणि तिला उतरवताहेत. कोण लावतं हो ही वेळापत्रकं?"

कालिना सुवाल्कीला तिच्या आईपाशी होती. मी दर महिन्याला आगगाडीने जात होते. फेब्रुवारीत माझ्या छातीने असहकार पुकारला आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. मग एका सकाळी दोरोताचा फोन आला.

दोरोता, इथून पुढे मी तुझ्याशीच बोलते. कोर्टात हे मोठ्याने वाचून दाखवतील तेव्हा परके लोक ऐकतील, तर ऐकू देत. माझे फोन तू घेत नाहीस. माझी पाकिटे न उघडता परत येतात. हा एकच कागद असा आहे जो तुला ऐकावा लागेल.

तू म्हणालीस, "आई, ती घर मागतेय. घर सांग म्हणतेय. मला नाही येत. तू सांग." आणि तू फोन तिच्या कानाशी धरलास. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी सुरुवात केली. फाटकाची कडी उचलली. खडीवरून चालले. पायऱ्या चढले, मधली कुरकुरली. दारापाशी आले. "कोणी आहे का घरात" हे तिच्या आवाजात म्हणायचे होते, आणि तो आवाज माझ्याच्याने काढवेना. मी ते गाळले. सरळ आत शिरले, तुझ्या बाबांचा कोट अडकवायच्या खुंट्या आल्या तिथपर्यंत गेले. आणि तुझा आवाज आला, "आई, थांब! ती बोट वर करतेय. थांब म्हणतेय ती. दुखतंय तिला, थांब!" आणि फोन बंद झाला. त्याच दुपारी ती गेली.

डॉक्टरांची बंदी मोडून मी दफनाला आले, आणि नंतर तू मला कबरस्तानाच्या फाटकाशी गाठलेस. तू म्हणालीस, "शेवटपर्यंत तू तिला त्या घरात ओढत होतीस. ती हात वर करून तुला थांब म्हणाली आणि तू बोलतच राहिलीस. घर देणार, घर देणार! कशाला सांगितलंस तिला? ती मला विचारायची, आपण माझ्या घरी कधी जायचं. काय सांगणार होते मी?" मी म्हटले, "दोरोता, त्या बोटाचा अर्थ..." आणि तू म्हणालीस, "त्या घराबद्दल एक शब्द मला ऐकायचा नाही. ते सहा आठवडे तुला मिळाले. चांगले होते ना? मला नाही मिळाले. मला फक्त शेवट मिळाला."

तू बरोबर बोललीस. तिचे शेवटचे चांगले आठवडे माझ्याकडे गेले, आणि तू छताकडे बघत पडून होतीस, एकाला वाचवायला दुसरीपासून लांब. ते आठवडे तुझे होते. आज मी ते तुला देते. वरची कलमे मी त्यासाठीच लांबवली आहेत. मोहरी, भोरडी, मिशा, कुरकुर, जेवढे आठवले तेवढे सगळे त्यात घातले आहे. नोटरीसाहेब म्हणतील मृत्युपत्रात असले काही लिहीत नाहीत. माझ्याकडे याहून मौल्यवान दुसरे काही नाही.

आणि आता बोट. दोरोता, दुखले तर तिचा डावा हात वळत असे, चेंडू धरल्यासारखा. ती सवय तिला लागली होती, चेंडू नसतानाही. तू तिचा हात धरून बसली होतीस, तुला माहीत असेल तो वळला होता की नाही. वर झाले होते ते उजव्या हाताचे बोट. त्याचा अर्थ थांब असा कधीच नव्हता. त्याचा अर्थ होता, आजी, तू गाळलंस, मागे जा, नीट सांग. तिला दुखत नव्हते, निदान त्या क्षणी नाही. ती दाराशी उभी होती आणि माझी चूक काढत होती. तुझी मुलगी शेवटपर्यंत शुद्धीवर होती आणि तिला तिचे घर पायरीपायरीने पाठ होते.

मी तेव्हाच मागे जाणार होते. फोन बंद झाला. सोळा महिने मी त्या दाराशी उभी आहे.

म्हणून माझे हे घर, जमीन, बाग आणि झाड मी माझी मुलगी दोरोता ओलेयनिक हिला देते. ती माझ्या आधी गेली तर ते तिचा मुलगा इग्नाश याचे. या वेळी नोटरीसाहेबांना सांगावे लागले नाही. दुसरे नाव मी आपणहून लिहिले. आता मला कुणाशी सौदा करायचा नाही.

वारसाला अट घालता येत नाही, असे साहेब म्हणाले. विनंती करता येते, ती पाळली नाही तरी घर वारसाचेच. तेव्हा ही अट नाही. तू हे घर विक, भाड्याने दे, पाड. तू क्राकूवला पाऊलही टाकले नाहीस तरी ते तुझे आहे. विनंती एवढीच की विकण्याआधी एकदा ये. एकटी ये. वकिलाला बाहेर उभे कर.

फाटकाची कडी वर उचलून बाहेर ओढ, आत ढकलली तर अडकते. डाव्या बाजूला कुंपणापलीकडे इर्मिना असेल. ती काहीतरी बोलेल, तू नुसती मान हलव. खडीवरून चाल. तीन पायऱ्या आहेत. मधलीवर नीट पाय दे, ती कुरकुरू दे, गाळू नकोस. दाराशी थांब. किल्ली लगेच काढू नकोस. आधी हाक मार, मोठ्याने, तिच्यासारखी, "कोणी आहे का घरात?"

मी तेव्हा नसेन. म्हणून उत्तर आजच, माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. तिला द्यायचे राहिले ते, आणि तुलाही.

ये, बाळ. दार उघडंच आहे.

पुढची वाट तुला माहीत आहे, तू याच घरात चालायला शिकलीस. माळ्याच्या खिडकीपर्यंत जा. जून असेल तर भोरड्या आलेल्या असतील.

माझ्या हस्ताक्षरातल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोघांना बोलावले आहे, कारण बोटाची गोष्ट त्यांना ठाऊक आहे, आणि दोरोताला ती माझ्याखेरीज आणखी कुणाकडून ऐकावीशी वाटली तर ते सांगतील.

क्राकूव, बुधवार, १२ जून २०२४

(सही) सबिना मलेत्स्का

साक्षीदार:

(सही) लेओन वोयनार. सगळे खरे आहे. केंद्रात रोज बाहेर आल्यावर ती मला सांगे, आज आजी कुठे चुकली.

(सही) इर्मिना कोसेक, बहीण. मी वाचले. दुलई आजच कुंपणावरून परत टाकली आहे. मुखवट्याला हात लावणार नाही. दोरोता येईपर्यंत पायऱ्या मी झाडीन.